शिट्टीनंतर

रॉइस कुबिचेक बावीस वर्षं कॉलेजच्या कुस्त्यांचं समालोचन करत होता. आयोवाच्या पूर्व भागात ज्या ज्या घरात कुस्ती बघितली जायची, त्या त्या घरात त्याचा आवाज ओळखीचा होता. प्रेअरी नेटवर्क हे तसं काही मोठं प्रकरण नव्हतं. मोठ्या विद्यापीठांचे फुटबॉलचे सामने मोठ्या वाहिन्यांकडे जायचे; लहान कॉलेजांची कुस्ती, पोहणं, व्हॉलीबॉल, मुलींचं सॉफ्टबॉल असं उरलंसुरलं सगळं प्रेअरीच्या वाट्याला यायचं. पण ज्यांची पोरं त्या लहान कॉलेजांत खेळत, त्यांच्या लेखी तेच सर्वस्व होतं. जानेवारीत रस्ते बर्फानं बंद झाले की माणसं प्रेअरी लावून बसत आणि शेजारच्या गावातला मुलगा कसा खेळतोय ते बघत.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी केन्ड्रा वेल्डननं त्याला आपल्या खोलीत बोलावलं. केन्ड्रा नेटवर्कची निर्माती, अजून तिशीही न ओलांडलेली, कामाला वाघ. शनिवारी मुलींच्या कुस्तीच्या विभागीय अंतिम लढती होत्या. एकशे अडतीस पौंडांच्या गटात वॅप्सी कॉलेजची ब्रिन हॉगन अंतिम फेरीत पोचली होती. केन्ड्रानं दार लोटून घेतलं तेव्हाच रॉइसला अंदाज आला.

"रॉइस, ब्रिनचे वडील कोण आहेत ते तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुणी विचारलं नाही."

केन्ड्रानं मग हळूहळू सगळं सांगितलं. तळघरातल्या जुन्या टेप संगणकावर उतरवून घेण्याचं काम वर्षभर चाललं होतं. त्यात १९९१ची एक टेप निघाली होती. वर लिहिलं होतं : एकशे अठ्ठावन्न पौंड, हॉगन विरुद्ध कुबिचेक. नेटवर्क सुरू होऊन तेव्हा तिसरंच वर्ष होतं. वरिष्ठांचं म्हणणं होतं की शनिवारी ब्रिनच्या लढतीआधी दोन मिनिटांचा एक भाग दाखवावा : वडील मॅटवर जायबंदी झाले, आज लेक मॅटवर उतरतेय, आणि त्या दिवशीचा प्रतिस्पर्धी आज तिचं समालोचन करतोय.

"मी ती पूर्ण बघितली नाही," केन्ड्रा म्हणाली. "ते पडले तिथं थांबवली. तुम्ही नको म्हणालात तर मी वर तसं सांगेन, वाद घालायची माझी तयारी आहे. पण तुमचा होकार असला तर ब्रिनच्या वडिलांचाही लागेल. आणि तो विचारायला आमच्यातलं कुणी जाणं..." तिनं वाक्य अर्धवट सोडलं.

रॉइसनं टेप बघायला मागितली, आणि एकट्याला बघू दे म्हणाला.

तेहेतीस वर्षं त्यानं ती बघितली नव्हती. चित्र धूसर होतं, रंग उडालेले. ग्रेस्टोन कॉलेजच्या व्यायामशाळेत लाकडी बाकांवर माणसं खच्चून भरलेली होती. मधोमध निळ्या पोशाखात एकवीस वर्षांचा तो स्वतः, आणि पांढऱ्या पोशाखात आर्लन हॉगन, उंच, लांब हातांचा, त्याच्यापेक्षा सरस. हे त्याला तेव्हाही कळत होतं. आर्लन दोन गुणांनी पुढे होता. रॉइसनं मागून कंबरेला मिठी घातली होती आणि दोघं झटापट करत मॅटच्या कडेपर्यंत गेले होते. तिथं रॉइसनं त्याला जमिनीवरून उचलला आणि आडवा करून खाली टाकला. आर्लनचे हात सावरायला पुढे आलेच नाहीत. डोकं आधी टेकलं. मग मानेवर सगळं शरीर आलं.

पंचानं नंतर लेखी दिलं होतं की दोघं कडेबाहेर गेल्याची शिट्टी आणि पडणं हे एकाच क्षणी झालं, कुणाची चूक नाही. चौकशी तेवढ्यावर मिटली.

पण रॉइसनं शिट्टी ऐकली होती. आर्लन हवेत असताना नव्हे, त्याच्याही आधी, त्याचे पाय मॅटवर असताना. ती ऐकूनही त्यानं उचललं होतं, कारण तो मागे होता, कारण दम कोंडला होता, कारण त्या अर्ध्या सेकंदात त्याला थांबायचं नव्हतं. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यानं टेप चार वेळा बघितली. नेमक्या त्या क्षणी पंच चित्राच्या बाहेर होता. लोक इतके ओरडत होते की शिट्टी काही केल्या ऐकू येत नव्हती. टेपवरून कुणालाच काही कळलं नसतं, आणि पुढेही कधी कळणार नव्हतं. रॉइसच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. आपण सुटलो, असं त्याच्या मनात आलं, अगदी याच शब्दांत. आणि ते शब्द मनात आले याची त्याला इतकी शरम वाटली की तो बराच वेळ खुर्चीतून उठू शकला नाही.

त्या संध्याकाळी जेवताना त्यानं मार्लाला सगळं सांगितलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. दर नाताळात मार्ला हॉगन कुटुंबाला कार्ड पाठवायची आणि खाली दोघांची नावं लिहायची. हॉगनांकडूनही कार्ड यायचं, आत ब्रिनचा फोटो. पुढचे दोन दात पडलेली ब्रिन, कुस्तीचे बूट घातलेली ब्रिन, शाळेचं पदक गळ्यात अडकवलेली ब्रिन. फ्रिजच्या दारावर त्याच्या डोळ्यांदेखत ती पोरगी मोठी झाली होती. आर्लनला भेटायला मात्र तो एकदाच निघाला होता, १९९१च्या मार्चमध्ये, आणि हॉस्पिटलच्या आवारात गाडी उभी करून तासाभरानं परत फिरला होता.

ताटातलं मार्लानं पुढे काही खाल्लं नाही. मग म्हणाली, "आणि मी इतकी वर्षं त्या कार्डावर तुझं नाव घालत होते."

गुरुवारी दुपारी तो नॉर्वे ग्रोव्हला गेला. पंचेचाळीस मैल. दोन्ही बाजूंना बर्फाखाली गाडलेली मक्याची शेतं होती, खुंट तेवढे वर आलेले. आर्लनच्या बायकोनं, गेलनं, दार उघडलं. फोनवरून त्यानं वेळ घेतली होती, त्यामुळे तिला नवल वाटलं नाही. पण ती दारातून लगेच बाजूलाही झाली नाही.

"कॉफी ठेवते," ती अखेरीस म्हणाली. "पण मी इथंच बसणार आहे, आधीच सांगते."

आर्लन खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत होता. गावातल्या शाळेत त्यानं पंचवीस वर्षं गणित शिकवलं होतं. खांदे अजून रुंद होते. बोटं मात्र तळव्यात मिटलेली, कायमची. समोर टीव्हीवर प्रेअरी लावलेलं होतं, आवाज बंद करून. कुठल्यातरी कॉलेजच्या मुली पोहत होत्या.

"बस," आर्लन म्हणाला. "चेहरा बराच म्हातारा झालाय तुझा. आवाजावरून वाटत नाही."

रॉइस बसला. नेटवर्कला काय हवंय ते त्यानं आधी सांगितलं. टेपबद्दल सांगितलं, तिच्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही तेही. गेलनं कॉफीचा पेला त्याच्यासमोर ठेवला. त्यानं हात लावला नाही.

"टेपवर शिट्टी ऐकू येत नाही," तो म्हणाला. "पण मी ऐकली होती, आर्लन. तुझे पाय खाली होते तेव्हा. ऐकून मग उचललं तुला."

आर्लननं मान जेवढी वळत होती तेवढी वळवून त्याच्याकडे बघितलं.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला.

रॉइसनं मान वर केली.

"मीही ऐकली ना. म्हणूनच तर अंग सैल सोडलं. शिट्टी झाली, संपलं, असं म्हणून मी हात खाली घेतले. नाहीतर हात टेकून सावरलो असतो. तुझ्याकडून असा दोनदा पडलो होतो मी आधीच्या वर्षी, काही झालं नव्हतं." आर्लन हे जुना हिशेब सोडवून दाखवावा तसं शांतपणे सांगत होता. "आणि मला ऐकू आली तर तुला आली नसेल कशी? तुझा कान माझ्या पाठीला लागला होता, मेलेला नव्हता."

"मग तू बोलला का नाहीस?" हे गेलनं विचारलं. आवाज बारीक झाला होता तिचा.

"आईनं त्याला कोर्टात ओढला असता. एकवीसचा होता तो. मी वीसचा. माझी मान त्यानं बरी झाली असती का? पहिली दोनेक वर्षं बोलावंसं वाटायचं, खोटं कशाला सांगू. रोज वाटायचं. मग वाटायचं, येईल तो. येऊन सांगेल. अर्ध्या सेकंदाचं काम होतं ते, रॉइस. मॅटवर असा अर्धा सेकंद सगळ्यांच्या हातून जातो. माझ्याही हातून गेलाय, फक्त पुढचा माणूस उठून उभा राहिला. त्याचा राग नाही मला. पण तू पंचेचाळीस मैलांवर राहतोस. बावीस वर्षं आठवड्यातून दोनदा तू या घरात बोलतोयस. त्या खोक्यातून. दारातून कधी आला नाहीस."

रॉइसनं माफी मागितली. ती मागतानाच त्याला कळत होतं की शब्द फार तोकडे आहेत आणि फार उशिरा आलेत. आर्लननं ती नाकारली नाही, आणि असू दे असंही म्हटलं नाही. तो टीव्हीतल्या पोहणाऱ्या मुलींकडे बघत राहिला.

मग रॉइस म्हणाला की शनिवारी तो हे सगळं टीव्हीवर सांगायला तयार आहे, सगळ्यांसमोर.

"ते सांगून तुमचं मन हलकं होईल," गेल म्हणाली. "आमचं काय होईल? दुकानात गेले की लोक मला विचारणार."

आर्लननं तिच्या बोलण्याला मान डोलावली. टेप दाखवायची नाही, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. बाप मान मोडून पडताना बघून पोरगी मॅटवर उतरणार का, एवढंच त्यानं विचारलं. पण ब्रिनला कळायला हवं होतं. तिच्याबद्दल टीव्हीवर जो माणूस बोलतो तो कोण, हे तिला माहीत असायला हवं, असं तो म्हणाला; मात्र लढत झाल्यावर, आधी नाही.

"तू सांगशील की मी सांगू?" रॉइसनं विचारलं.

"तूच सांग. मी सांगितलं तर ती मला सांभाळत बसेल. तुझ्यावर तिला रागावता येईल."

निघताना रॉइस म्हणाला की शनिवारच्या समालोचनातून तो बाजूला होईल, दुसरं कुणीतरी करेल. तेव्हा मात्र आर्लन चिडला.

"दुसरं कोण करणार? तो बास्केटबॉलवाला? त्याला पट आणि लंगडी या डावांतला फरक कळत नाही. तूच कर. आणि हे बघ, तिला सांभाळून घेऊ नकोस. चुकली तर चुकली म्हण. मी इथून बघणार आहे, मला कळेल."

शनिवारी सभागृह भरलेलं होतं. केन्ड्रानं वरिष्ठांशी भांडून तो दोन मिनिटांचा भाग रद्द करून घेतला होता. का, ते तिला रॉइसनं अवघ्या चार वाक्यांत सांगितलं होतं आणि तिनं पाचवं विचारलं नव्हतं. मॅटच्या कडेला टेबल, टेबलावर माईक आणि छोटा पडदा. रॉइसच्या शेजारी त्याची सहसमालोचक, एक माजी कुस्तीगीर मुलगी, पण तांत्रिक बोलणं त्याचंच असे.

ब्रिन बापासारखी लांब हातांची होती. तिची प्रतिस्पर्धी ठेंगणी, चपळ, मागच्या वर्षीची विजेती. पहिल्या तीन मिनिटांत ब्रिननं एक पट काढून दोन गुण घेतले, मग एक आणखी. रॉइस नेहमीसारखा बोलत होता. निदान तो तसा प्रयत्न करत होता. मधूनच त्याला ती खिडकीजवळची खुर्ची आठवे.

दुसऱ्या सत्रात ठेंगणीनं चार गुण काढले. चार विरुद्ध तीन. शेवटची दहा सेकंदं राहिली तेव्हा ब्रिननं कडेशी तिचा पाय धरला, उचकटला, आणि तिला खाली आणलं. पंचानं दोन बोटं वर केली. पाच-चार. भोंगा वाजला. वॅप्सीची माणसं बाकांवर उभी राहिली.

विरुद्ध बाजूच्या प्रशिक्षकानं हरकत घेतली. पंच चित्रफीत बघायला टेबलाकडे गेले. ती चित्रफीत प्रेअरीच्याच कॅमेऱ्याची होती, आणि रॉइसच्या छोट्या पडद्यावर ती पंचांच्या आधी आली. सहसमालोचक मुलीनं त्याला विचारलं, "काय वाटतं, रॉइस?"

ब्रिनचा उजवा पाय दिसत होता. टाच लाल पट्ट्याच्या बाहेर टेकली होती, पकड पूर्ण होण्याआधी. पंच अजून मान खाली घालून बघत होते. थांबता आलं असतं. त्यांचा निर्णय आला की तोच वाचून दाखवता आला असता.

"पाय आधी बाहेर गेलाय," रॉइस म्हणाला. "ब्रिन हॉगनचे ते दोन गुण धरता येणार नाहीत. कडेबाहेर गेल्याचा एक गुण समोरच्या मुलीला मिळेल. सुंदर पकड होती, पण पाय बाहेर होता."

निर्णय तसाच आला. पाच-तीन, ब्रिन हरली. ब्रिननं कंबरेवर हात ठेवून छताकडे बघितलं, मग जाऊन प्रतिस्पर्धीच्या प्रशिक्षकाशी हात मिळवला, जसा मिळवायचा असतो.

तासाभरानं कपडे बदलून ती बाहेर आली तेव्हा रॉइस बोळात उभा होता. गेल थोड्या अंतरावर भिंतीला टेकून थांबली होती. ती जवळ आली नाही. रॉइसनं ब्रिनला आपलं नाव सांगितलं, जे तिला माहीत होतंच. मग त्यानं तिच्या वडिलांना सांगितलं होतं तेच, त्याच क्रमानं सांगितलं. त्यात काही घातलं नाही, काही गाळलं नाही.

ब्रिनच्या केसांतून अजून पाणी गळत होतं. खांद्यावरची बॅग तिनं खाली ठेवली.

"बाबांना माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"आणि आईला?"

"गुरुवारपासून."

"मला लहानपणापासून अपघात म्हणून सांगितलंय." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "आज तुम्हीच म्हणालात ना, पाय बाहेर होता म्हणून? पंचांच्या आधी?"

"हो."

"होताच. मला जाणवलं होतं. मी गप्प राहिले, म्हटलं बघू कुणाच्या लक्षात येतं का." तिनं आता सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि तिचा चेहरा कडवट झाला. "पण त्यात कुणाची मान मोडली नाही, मिस्टर कुबिचेक."

"नाही मोडली," तो म्हणाला.

बॅग उचलून ती आईकडे गेली. गेलनं तिच्या खांद्याभोवती हात टाकला आणि दोघी दाराबाहेर बर्फात निघून गेल्या.

पुढच्या सोमवारी आर्लनचा फोन आला. रॉइसनं एका डावाचं नाव चुकीचं घेतलं होतं, ते सांगायला. बोलणं संपताना तो म्हणाला की गुरुवारी गेल शाळेच्या ग्रंथालयात असते आणि दुपारी तो एकटाच असतो. त्या गुरुवारी रॉइस गेला, आणि पुढच्याही. दोघं जुन्या-नव्या कुस्त्या बघत, आणि आर्लन बहुतेक वेळा त्याच्या चुका काढे. १९९१चा विषय पुन्हा फारसा निघाला नाही. एकदा निघाला तेव्हा आर्लननं दहा मिनिटं ओळखही दाखवली नाही, आणि रॉइस तसाच बसून राहिला. उठून गेला नाही. गेल घरी आली की नमस्काराइतकं बोलायची. वर्षभरानं एकदा तिनं त्याला जेवायला थांबायला सांगितलं.

ब्रिन मात्र बोलत नसे. सुटीत घरी असली आणि रॉइसची गाडी दिसली की ती मागच्या दारानं बाहेर पडायची. पुढच्या मोसमात तिनं विभागीय अजिंक्यपद जिंकलं, आणि रीतीप्रमाणे विजेतीची मुलाखत रॉइसला घ्यावी लागली. त्यानं चार प्रश्न विचारले. तिनं चार उत्तरं दिली, नीट, तुटक, कॅमेऱ्याकडे बघून. एका उत्तरात तिनं वडिलांचे आभार मानले. कॅमेऱ्यावरचा दिवा विझला तसा त्यानं माईक खाली घेतला आणि तिला जायला वाट दिली.

दोन पावलं जाऊन ती थांबली.

"गुरुवारी येणार आहात का? बाबांनी विचारायला सांगितलंय."

"येणार आहे."

"बरं," ती म्हणाली. मग तिच्या कॉलेजच्या मुली धावत आल्या आणि ती त्यांच्यात मिसळून गेली.